धर्माच्या रकान्यातली आडवी रेघ

गलबत (धागाकर्ता)

शिमगा तीन आठवड्यांवर आलाय आणि आमच्या वाडीत दोन तट पडलेत. कारण काय, तर पावती. पालखीची वर्गणी दर घराला हजार रुपये. यंदा एका घराने सांगितलं, पैसे देतो, पण ‘देवकार्यासाठी’ असं छापलेली पावती आम्हाला नको. त्या घरातला मुलगा मुंबईला कामाला असताना एका प्रार्थनेच्या मंडळात जाऊ लागला, मग बायको, मग आई. आता ते देवाचा नारळ घेत नाहीत, गाऱ्हाण्याला (गावाच्या वतीने देवाला घालायच्या साकड्याला) हात जोडत नाहीत. गावाशी मात्र त्यांचं काही वाकडं नाही. गेल्या पावसात पाखाडी (वाडीतली दगडी पायऱ्यांची वाट) खचली तेव्हा घमेलं घेऊन पहिला तोच मुलगा हजर होता. जांभ्याचे चिरे आमच्या बरोबरीने वाहिले त्याने.

सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर, बैठक झाली. एक वडीलधारे उठले आणि म्हणाले, "गावात राहायचं तर गावाचं जे आहे ते मानायला लागेल." टाळ्या पडल्या नाहीत. पण "असं कसं?" असंही कुणी म्हटलं नाही. मीपण नाही. मी चपला शोधत बसलो. तेच आठ दिवस डोक्यात घोळतंय, म्हणून हा धागा. (गावाचं नाव लिहीत नाही. दाभोळ खाडीच्या अल्याडचं आहे, एवढं पुरे.)

आता जरा लांबून येतो. बोटीवर बावीस वर्षं काढली, सगळी इंजिनरूममध्ये. शेवटच्या करारात आमचा बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) इंडोनेशियाचा होता, मध्य जावातला. सिंगापूरबाहेर नांगर टाकून आठ दिवस पडलो होतो तेव्हा मेसमध्ये गप्पा मारताना त्याने पाकिटातून त्याचं सरकारी ओळखपत्र काढून दाखवलं. नाव, जन्मगाव, रक्तगट, पत्ता, आणि खाली ‘आगामा’. आपलाच ‘आगम’ तो, तिकडे त्याचा अर्थ धर्म. त्या रकान्यात एक आडवी रेघ. बाकी काही नाही.

मी विचारलं, नास्तिक का? तो एकदम दचकला. म्हणाला, हा शब्द इथे बोल, माझ्या गावात बोलू नकोस.

त्याचं घराणं जुन्या जावानी श्रद्धेचं. पूर्वज, ध्यान, उपास, डोंगरावरची जागा, असं काही. आणि इंडोनेशियाची सरकारी विचारसरणी म्हणजे पंचशील, ते ‘पांचासिला’ म्हणतात. नेहरूंचं १९५४ चं नव्हे आणि बुद्धाचंही नव्हे. त्यांच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाने, सुकार्नोने, १ जून १९४५ च्या भाषणात मांडलेलं. पाच तत्त्वं: एकमेव ईश्वरावर श्रद्धा, माणुसकी, देशाची एकी, विचारविनिमयाने चालणारी लोकशाही, सामाजिक न्याय. त्यातलं ईश्वराचं तत्त्व सगळ्यात वर. आधीच्या मसुद्यात त्याला एक शेपूट होतं, मुसलमानांनी शरियत पाळणं बंधनकारक अशा अर्थाचं. मूळ भाषेत सात शब्द. पूर्वेकडच्या ख्रिस्ती बेटांनी कुरकुर केली आणि स्वातंत्र्य जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १८ ऑगस्ट १९४५ ला, ते सात शब्द काढले. म्हणजे ना इस्लामी राज्य ना धर्मनिरपेक्ष. घर सगळ्यांचं, पण चौकटीवर ‘देव आहे’ अशी पाटी.

ऐकायला किती समंजस! मलाही वाटलं. मग तो म्हणाला, पाटी ठीक आहे रे, पण कुठला देव ‘देव’ धरायचा ते कोण ठरवतो?

ठरवतो कारकून. १९६५ च्या एका फर्मानात सहा धर्मांची नावं आली: इस्लाम, प्रोटेस्टंट, कॅथलिक, हिंदू, बौद्ध, कन्फ्यूशियन. त्यातला कन्फ्यूशियन सुहार्तोच्या राजवटीत यादीतून जवळपास बाहेरच गेला, तो २००० साली परत आला. आणि जुन्या स्थानिक श्रद्धा? त्या धर्म नव्हेत, ‘संस्कृती’. त्यांचा कारभार संस्कृतीवाल्या खात्याकडे. बोसनच्या वडिलांच्या कार्डावर ‘इस्लाम’ होतं, कारण त्याशिवाय लग्नाची नोंद होईना. २००६ च्या कायद्याने रकाना रिकामा ठेवायची मुभा मिळाली, तीच ही रेघ. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने सांगितलं की हे भेदभावाचं आहे, या लोकांची श्रद्धाही कार्डावर लिहिता आली पाहिजे. त्याचं कार्ड त्याच्या आधीचं. म्हणाला, "ही रेघ माझी नाही, कारकुनाची आहे."

सहाणेवर बसलो होतो तेव्हा मला ती रेघ आठवत होती.

माझा प्रश्न असा. राज्याची अधिकृत विचारसरणी असणं (देव आहे, देव नाही, समता, समाजवाद, काहीही) आणि ज्याला त्याला आपापलं मानायची मोकळीक असणं, हे दोन्ही एका घरात नांदू शकतं का? बालभारतीच्या पुस्तकात पहिल्या पानांवर उद्देशिका असते, त्यात ‘विश्वास, श्रद्धा व उपासना’ असे तीन शब्द शेजारी शेजारी आहेत. लहानपणी वाटायचं, एकच गोष्ट तीनदा का सांगतात.

माझी फूटपट्टी सांगतो. राज्य काय मानतं याने फारसं बिघडत नाही. न मानणाऱ्याकडून ते काय करवून घेतं, ते बघा. केरळातली १९८५ ची गोष्ट आहे. यहोवाचे साक्षीदार पंथाची तीन भावंडं शाळेत राष्ट्रगीताला उभी राहायची, ताठ, गप्प, पण गायची नाहीत. त्यांच्या पंथात देवाशिवाय कुणाचं स्तवन चालत नाही. कित्येक दिवस कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. मग एका आमदाराच्या कानावर गेलं, विधानसभेत प्रश्न आला, चौकशी झाली. मुलं शिस्तीची आहेत, कसला अवमान करत नाहीत, असा अहवाल आला, तरीही शाळेतून काढलं. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९८६ मध्ये त्यांना परत घ्यायला लावलं. उभं राहणं हा मान झाला, गायलाच पाहिजे असा कायदा नाही, आणि त्यांची श्रद्धा प्रामाणिक असेल तर ती आम्हाला पटते का हा प्रश्नच नाही. मला हे फार आवडतं. उभा राहा एवढं म्हणायचा हक्क आहे गावाला. गा म्हणायचा नाही.

बोला. राजकीय पक्षांची नावं आणू नका, धाग्याचं मैदान होतं.

तिरकस

इतकं जावा-सुमात्रा फिरवून आणलंत, मुद्दा हजार रुपयांचा. पावती कुठलीही असो, फाडून टाकायची आणि झोपायचं. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

अलिबागची वकीलीण

तिरकसराव, मुद्दा हजाराचा असता तर कोर्टात मला काम उरलं नसतं.

गलबत, आधी वाडीचं बोलू. राज्यघटनेचा अनुच्छेद २७ असा आहे की एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी वापरायचा कर सरकार कुणाकडून सक्तीने घेऊ शकत नाही. म्हणजे खुद्द दिल्लीला जे करता येत नाही ते तुमची सहाण करायला निघाली आहे! आता, गावकी म्हणजे सरकार नव्हे, त्यामुळे अनुच्छेद २७ तिला थेट लागत नाही. पण वर्गणी दिली नाही म्हणून त्या घराशी बोलायचं नाही, दुकानातून सामान द्यायचं नाही, मयताला जायचं नाही असं ठरलं, तर तो सामाजिक बहिष्कार. त्याविरुद्धचा कायदा विधिमंडळाने २०१६ मध्ये केला, अमलात आला जुलै २०१७ मध्ये. तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि हा कायदा कुठल्या गावांमुळे झाला? आमच्या रायगडातल्या वाळीत प्रकरणांचा त्यात मोठा हात होता. हे अभिमानाने सांगत नाही.

अशा प्रकरणांतली माणसं माझ्या ऑफिसात येतात. "आम्हाला गावाने मारलं" असं कुणी म्हणत नाही. म्हणतात, "लग्नाची पत्रिका द्यायला गेलो तर दार लावून घेतलं." एक बाई सांगत होत्या, हळदीला जात्यावर बसायला पाच सवाष्णी मिळाल्या नाहीत, माहेरहून बोलवाव्या लागल्या. हे पोलीस स्टेशनला कलमात कसं बसवायचं?

रकान्याबद्दल. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने (न्या. ओक आणि न्या. चांदूरकर) स्पष्ट सांगितलंय की सरकारी अर्जात ‘कोणताही धर्म नाही’ असं लिहायचा नागरिकाला हक्क आहे आणि धर्म जाहीर कर म्हणून सरकार सक्ती करू शकत नाही. गंमत म्हणजे अर्जदार नास्तिक नव्हते. येशूला मानत होते, पण ‘ख्रिश्चन धर्म’ हे लेबल नको होतं. म्हणजे तुमच्या बोसनची रेघ इथे कारकुनाची नसून अर्जदाराची झाली. कागदावर तरी.

आणि आपल्याकडे विचारसरणीची सक्ती नाहीच असं समजू नका. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९८९ पासून कलम २९-क आहे. पक्षाची नोंदणी करायची तर पक्षाच्या घटनेत लिहून द्यावं लागतं की आम्ही समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांशी निष्ठा बाळगू. उद्या कुणाला उघड उघड खुल्या बाजाराचा पक्ष काढायचा असेल तरी समाजवादावर सही. सगळे करतात. आपल्याला सवय आहे, प्रतिज्ञापत्रावर सही करताना वाचतं कोण!

फोंडेकर

इंडोनेशियातही हेच झालं होतं की. १९८५ च्या कायद्याने प्रत्येक संस्थेला, अगदी धार्मिक संस्थांनाही, ‘पांचासिला हाच आमचा एकमेव पाया’ असं लिहून द्यावं लागलं. सुहार्तो गेल्यावर ते सुटलं. गलबतांच्या बोसनने सांगितलं नसेल.

मंडणगड एसटी

धागा चांगला आहे पण फूटपट्टी मोडकी आहे. सांगतो.

आधी एक गोष्ट आमच्या तालुक्याच्या अभिमानाची. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं. १५ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत के. टी. शाह यांनी दुरुस्ती आणली की भारत ‘सेक्युलर, फेडरल, सोशलिस्ट’ संघराज्य असेल असं पहिल्याच कलमात घाला. बाबासाहेबांनी नाकारलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की समाजाची रचना कशी असावी हे लोकांनी त्या त्या काळाप्रमाणे ठरवायचं, ते घटनेतच ठोकून बसवलं तर लोकशाहीला काय उरलं? आज आपण समाजवाद बरा मानतो, उद्याची माणसं आणखी चांगलं काही शोधतील. यातले ‘सेक्युलर’ आणि ‘सोशलिस्ट’ हे दोन शब्द उद्देशिकेत आले ते १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने, आणीबाणीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते काढायच्या याचिका फेटाळल्या, ते ठीकच झालं. पण समतेसाठी आयुष्य घातलेल्या माणसानेच ‘समतेची विचारसरणी शिक्का म्हणून मारू नका’ म्हणावं, हे मला दर वेळी नव्याने आश्चर्याचं वाटतं.

आता फूटपट्टी. ‘न मानणाऱ्याकडून काय करवून घेतं’ हा निकष महाडला लावून बघा. १९२३ चा बोले ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. २० मार्च १९२७ ला आमच्या माणसांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, तर मारहाण झाली आणि मग तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं. शुद्धीकरण करणारे काय म्हणत होते? आमचा धर्म. आमच्यावर जबरदस्ती नको. तुमच्या फूटपट्टीने तेही ‘न मानणारे’ आणि त्यांच्यावर सरकार समता लादतंय! धर्मस्वातंत्र्य हा शब्द आमच्या वाडीवर फार वेळा दुसऱ्या बाजूने आलाय हो.

वेतोबाची वहाण

माका एक सांगा. बालीच्या लोकांका सरकारान इचारल्यान, तुमचो एक देव खंयचो? तेंनी सांग्यांग विधी म्हणान नाव दिल्यानी, तेवां खंय धर्माचो शिक्को गावलो. आमका कोणी इचारल्यान तर? सातेरी वारूळात, रवळनाथ देवळात, आनि आरवलीचो वेतोबा रात्रीचो पायी फिरता म्हणान तेका चामड्याची वहाण. फारमार काय लिवतलंव?

फोंडेकर

हा हा. बाली खरंच तसंच आहे. धर्म खात्याचा आग्रह असा की धर्म म्हटला की एक ईश्वर हवा, प्रेषित हवा, ग्रंथ हवा. बालीवाल्यांनी पन्नाशीच्या दशकात झगडून, ‘सांग ह्यांग विधी वासा’ हा सर्वांवरचा एक देव पुढे करून १९५८-५९ च्या सुमारास मान्यता मिळवली. सरकारी चौकटीत बसवण्यासाठी देवाची बैठक बदलली.

अलिबागची वकीलीण

वेतोबादादा, तुमचा प्रश्न घटना समितीत अक्षरशः आला होता. १७ ऑक्टोबर १९४९. एच. व्ही. कामत यांनी सुचवलं, उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ अशी करा. लगेच आसामचे रोहिणीकुमार चौधरी उठले: आम्ही कामरूपचे, शक्तीचे उपासक, मग ‘देवीच्या नावाने’ का नको? कुंझरूंनी सांगितलं की हे श्रद्धेच्या स्वातंत्र्याशीच विसंगत आहे. पूर्णिमा बॅनर्जी विनवत होत्या, देवाला मताला टाकू नका. कामत ऐकेनात. मत झालं. बाजूने ४१, विरुद्ध ६८. आपली पाटी सत्तावीस मतांनी हुकली.

चौधरी सातेरीच्या वतीनेच उभे राहिले होते असं समजा.

तिरकस

सगळं छान. पण एक कुणी बोलत नाही. ही प्रार्थनामंडळं गावात येतात कशासाठी? आज एक घर, उद्या दहा. मग पालखी खांद्यावर कोण घेणार? गलबतसाहेब परत बोटीवर जाणार नाहीत, तेव्हा त्यांनाच विचारतो. धर्माचा प्रसार करायचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क नव्हे, असं १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलंय ना?

अलिबागची वकीलीण

म्हटलंय. स्टॅनिस्लॉस खटला, मध्य प्रदेश आणि ओडिशाचे कायदे. पण नीट वाचा. दुसऱ्याला बदलवायचा मूलभूत हक्क नाही, असं त्यात आहे. स्वतःहून बदलणाऱ्याचा हक्क त्याने जात नाही. या घरातला मुलगा कुणाला बदलवायला निघालाय असं गलबतांनी लिहिलेलं नाही. पावती बदलून मागतोय.

पालखीला खांदा मिळत नाही हे खरं आहे. त्याचं कारण प्रार्थनामंडळ नसून नालासोपारा आणि दिवा आहे, हे तुम्हालाही माहीत आहे.

फोंडेकर

आमच्या गोव्याची बाजू मांडतो, कारण तिथे राज्याची विचारसरणी चारशे वर्षं तपासून झालीय.

माझ्या घरापासून मंगेशी चालत जाता येतं. तो देव मूळचा इथला नव्हे. कुठ्ठाळीचा. १५६० च्या सुमाराला साष्टीत देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा लिंग नदीपार करून प्रियोळला आणलं. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. त्या काळी हा अंत्रूजचा, म्हणजे आजच्या फोंड्याचा, भाग पोर्तुगीजांकडे नव्हता. त्याच साली इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) गोव्यात आलं आणि मधली थोडी वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत राहिलं. हे सगळ्यांना माहीत असतं. त्या पुढचं सांगतो.

१९१० मध्ये पोर्तुगालात राजा गेला आणि प्रजासत्ताक आलं. एप्रिल १९११ ला चर्च आणि राज्य वेगळं करणारा कायदा. गोव्यातल्या हिंदूंना पहिल्यांदा खऱ्या अर्थाने बरोबरीची वागणूक मिळाली, सरकारी नोकऱ्यांची दारं उघडली. आमच्या घरात ‘रिपुब्लिका’ हा शब्द पणजोबा कौतुकाने उच्चारायचे असं ऐकलंय. पण त्याच सरकारने तिकडे पोर्तुगालात काय केलं? जेझुइटांना हाकललं, पाद्रींना रस्त्यावर झगा घालायला बंदी केली. एकच विचारसरणी. अंत्रूजात तिने बेडी काढली आणि लिस्बनमध्ये घातली. म्हणून ‘धर्मनिरपेक्ष राज्य चांगलं की वाईट’ असा प्रश्न कुणी विचारला की मी विचारतो, कुठल्या गावातून बघताय?

मंडणगडकरांच्या मुद्द्यावर: १९५८ चा कर्नाटकातल्या मुल्कीच्या व्यंकटरमण देवळाचा खटला वाचा. देऊळ गौड सारस्वतांचं, म्हणजे इथूनच तिकडे गेलेल्या माणसांचं. म्हणणं असं की हा आमच्या पंथाचा खाजगी मामला. न्यायालय म्हणालं, पंथाचं देऊळ आहे हे मान्य, तरी दार सगळ्या हिंदूंना उघडं ठेवावं लागेल, काही ठरावीक विधी तेवढे तुमचे तुम्ही करा. मला तो निकाल अजूनही शहाणा वाटतो. आमच्या काही नातेवाइकांना वाटत नाही.

गलबत

मंडणगडकर, तुमचं वाचून दोन दिवस गप्प होतो. फूटपट्टी मोडकी आहे हे कबूल. फोंडेकरांच्या मुल्कीने थोडी सांधता येते का बघतो. दार उघडायला लावणं वेगळं आणि तोंड उघडायला लावणं वेगळं. तळं, देऊळ, शाळा, स्मशान यांचं दार सरकारने जबरदस्तीने उघडावं, त्यात कुणाचं धर्मस्वातंत्र्य बुडत नाही. बुडते ती मालकी. पण ‘मी मानतो’ असं वदवून घेऊ नये. जमतंय का?

तिरकस, खांद्याचं म्हणाल तर गेल्या वर्षी आमच्या पालखीला तिन्ही दिवस खांदा देणाऱ्या आठ जणांत दोघे दुसऱ्या गावचे जावई होते.

मंडणगड एसटी

जमतंय, पण अर्धंच. कारण तोंड न उघडताही किंमत वसूल करता येते.

आमच्या घरात शाळा सोडल्याचे दोन दाखले आहेत. सख्खे भाऊ. थोरल्या काकांच्या दाखल्यावर ‘बौद्ध’. आजोबांनी हट्टाने लिहून घेतलेलं. धाकट्यावर ‘हिंदू महार’. घर एक, देव्हाऱ्याच्या जागी बुद्धाची तसबीर एक, पण अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट होती. आधी हिंदू, १९५६ पासून शीखही, बौद्ध धरले गेले ते १९९० मध्ये. मधल्या काळात राज्य सरकारने आपल्या परीने सवलती दिल्या, पण केंद्राच्या नोकरीत बौद्ध लिहिलं की आरक्षण गेलं. धाकट्या काकांना रेल्वेत लागायचं होतं. लागले. १९५१ च्या जनगणनेत देशात पावणेदोन-दोन लाख बौद्ध होते, १९६१ ला ३२ लाखांवर, त्यातले बहुतेक आपल्या राज्यातले. त्या प्रत्येकाने शिरगणतीवाल्यासमोर तो शब्द उच्चारताना हिशोब केला असणार.

कुणी बंदूक धरली नव्हती. ‘तुला हवा तो धर्म घे’ असंच राज्य म्हणत होतं. फक्त रकान्याला भाव लावला होता. ख्रिस्ती आणि मुसलमान झालेल्या दलितांना तो भाव आजही आहे. तुमच्या वाडीतल्या त्या मुलाची जात कुठली हे मी विचारत नाही. पण त्याच्या घरात हे बोलणं नक्की झालं असेल.

थोरले काका पोस्टात रोजंदारीवर होते. धाकट्यांशी त्यांचं कधी पटलं नाही. जेवायला बसले की दाखल्यावर यायचे.

गलबत

याला माझ्याकडे उत्तर नाही.

रेवदंड्याची वाट

वाचनमात्र असते, आज लिहिते. आमच्याकडे बेने इस्रायल होते. गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं, कारण घाणा शनिवारी बंद. आजी सांगायची, शनिवारी तेल संपलं तर शेजारणीकडून वाटीभर उसनं आणायचं, त्यांच्या दारात जायचं नाही. कुणी बैठक घेऊन ठरवलेलं नव्हतं. आता सिनेगॉग आहे, माणसं बहुतेक इस्रायलला. मलिद्याला (त्यांच्या नवसाच्या विधीला) मात्र अजून कुणी कुणी येतात.

(कायदा वगैरे मला कळत नाही. वाटी आठवली.)

तिरकस

ताई, सुंदर. पण ते तेली कुणाला बदलवत नव्हते. असो, थांबतो.

फ्रान्सचा १९०५ चा कायदा आणि २००४ ची शाळेतली हिजाबबंदी यावर कुणी लिहिणार असेल तर स्वतंत्र धागा काढा, इथे नको.

गलबत (पाच आठवड्यांनी)

शिमगा झाला. काय झालं ते सांगायचं राहिलं होतं.

बैठक परत बसली. या वेळी चपला शोधल्या नाहीत. वकीलीणबाईंचं कलम सांगितलं नाही, ते सांगितलं असतं तर ‘कोर्टाची भाषा’ म्हणून उठले असते. एवढंच विचारलं, की पाखाडीला तो आला तेव्हा आपण त्याला कुठला देव मानतोस विचारलं होतं का? थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग खजिनदार म्हणाले, त्याच्या पावतीवर ‘देवकार्य’ खोडून ‘पाखाडी व दिवाबत्ती’ लिहितो. वडीलधारे तावातावाने म्हणाले, म्हणजे देवाचे पैसे खांबाला? खजिनदार म्हणाले, अहो, गेली चार वर्षं खांबालाच जातायत.

पालखी घरोघर निघाली. त्यांच्या अंगणात न्यायची की पुढच्या घरी जायचं, हे आदल्या रात्री ठरलंच नव्हतं. दुपारचे दोन वाजलेले, ऊन मी म्हणत होतं. गुरव गडग्याशी थांबले आणि ढोल थांबवून त्यांनी हाक दिली, "आणू काय गो?" म्हातारी पडवीत उभी होती. म्हणाली, "या की. अंगण सारवलंय. ओटी मात्र भरायची नाही मी." पालखी आत गेली. नाचवली नाही, आंब्याच्या सावलीत टेकवली. मुलाने सगळ्यांना कोकमाचं सरबत दिलं, चार वेळा घागर भरून आणली. निशाण धरणारा पोरगा त्यांच्या ओट्यावर आडवा झाला आणि झोपलाच. गाऱ्हाणं झालं नाही. पुढच्या घरी झालं, जरा मोठ्याने.

एक घोळ मात्र झालाय. वाडीतली आणखी चार घरं, चांगली देवभोळी, आता म्हणतात आम्हालाही ‘पाखाडी व दिवाबत्ती’ची पावती द्या. का, तर देवकार्याचा हिशोब मागता येत नाही, दिवाबत्तीचा येतो. खजिनदार पंधरा दिवस फोन उचलत नाहीत.

तिरकस

हिशोब मागितला? मग आता टाकतील बघा वाळीत.